पहिल्या नळीतले दिवस

आमच्या वर्षालीचं खूळ ऐकाल तर कपाळाला हात लावाल. वर्षाली म्हणजे माझी नणंद. ज्यानं तिच्या सख्ख्या भावाचा जीव घेतला, त्याला ही बाई रोज जेवू घालत होती. रविवार म्हणू नका, दिवाळी म्हणू नका, अंगात कणकण असली तरी सकाळी उठून मोशीहून ताथवड्याला जायचं आणि त्या मेल्याला ताजं खाणं घालून यायचं. पाडव्याला मी श्रीखंडाचा डबा उघडतेय तोवर हिची स्कूटी सुरू. मी दारातनंच ओरडले, "अगं सणाच्या दिवशी तरी राहू दे की उपाशी! मेलं तर मेलं!"

"मरू द्यायचं नाहीये, वहिनी," ती हेल्मेट घालत म्हणाली. "विसरायला लावायचंय."

आता अशा माणसाशी काय बोलायचं?

तर तो मारेकरी म्हणजे जंतू, डोळ्याला न दिसणारा, आणि त्याचं खाणं म्हणजे काचेच्या नळीतलं पिवळसर पाणी. वर्षाली ताथवड्याच्या एका कॉलेजात लॅबमध्ये संशोधन करते. औषधं जंतूंवर चालेनाशी कशी होतात, तेच तिथं बघतात. आमच्या घरात हे दुखणं यायच्या आधीपासून ती हेच काम करत होती. देवाची थट्टाच म्हणायची, दुसरं काय.

मी दीपमाला. चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायची कंपनी आहे, तिथं लाइनवर असते. आमचे हे, नवनाथ, शेजारच्याच कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होते. माणसं आम्ही मूळची धाराशिवकडची, पण आता मोशीतच मुरलो. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. लेकरू अजून व्हायचं होतं. होईल की, घाई काय, म्हणायचे. सगळ्यालाच घाई काय म्हणायचे, आणि गाडीवर बसले की मात्र कुठली घाई असायची कुणास ठाऊक.

चाकणच्या चौकात कंटेनरला वाचवताना त्यांची गाडी घसरली. पाय मोडला, दोन बरगड्या मोडल्या. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात काठी घेऊन चालतील. मग ताप आला. फुफ्फुसात जंतू शिरला, तिथनं रक्तात गेला. साधं औषध झालं, त्याच्यावरचं झालं, त्याच्याही वरचं झालं. काही लागू पडेना. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, एक जुनं औषध उरलंय, किडनीला त्रास देतं, पण आता तेच द्यावं लागेल. आम्ही म्हटलं, द्या.

आणि ते लागू पडलं हो! ताप उतरला. घशातली नळी काढली. हे उठून टेकून बसले. बोलले.

म्हणजे बोलले असं मी म्हणते, पण मी ऐकलेलं नाही. आयसीयूत एका पेशंटमागं एकच पास असतो. आणि पास कोणाच्या हातात जाणार, हे आमच्यात कोणी विचारत नाही. आई बसलेली असताना बायकोनं पुढं व्हायचं नसतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुभद्राबाई, पास पदराला पिन करून आत जायच्या. मी बाहेर चपलांच्या रॅकशेजारी बसलेली. बाहेर आल्या की सांगायच्या, "बोलला गं बाई. च्या मागितला."

"आणखी?"

"तुजं इचारलं. जेवली का म्हनला."

"कसं म्हणाले? आवाज कसा होता?"

"आवाज? त्याचाच हुता की. कसा असनार?"

असे चार-पाच दिवस गेले असतील. मग पुन्हा ताप भरला. औषध तेच, डोस वाढवला, तरी उतरेना. आत्याबाई आतच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा सिस्टरनं पास माझ्या हातात दिला. मी आत गेले तर घशात नळी परत घातलेली, डोळे मिटलेले. चांगले दिवस त्या माउलीनं पाहिले. माझ्या वाट्याला मशीनचा आवाज आला. पोर गेलेल्या आईचा कोणी राग धरतं का? पण मला येतो राग. अजून येतो. दोघी एका ताटलीत पोह्याचे लाडू घेऊन बसलो तरी मध्येच येतो.

हे गेल्यावर दवाखान्यातनं विचारलं होतं, तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातला जंतू संशोधनाला दिला तर चालेल का. आम्ही सही केली. तो जंतू वर्षालीच्याच लॅबमध्ये गेला. तिच्या नीला मॅडमनी आधी साफ नाही म्हणून सांगितलं. घरच्या माणसाच्या जंतूला हात लावायचा नाही, डोकं ठिकाणावर राहत नाही. पण ही कसली ऐकते! मागंच लागली. शेवटी मॅडमनी वरनं परवानगी आणली आणि अट घातली, की हिनं बघितलेलं सगळं दुसऱ्या कोणीतरी पुन्हा बघायचं.

एकदा पोळ्या लाटताना मी तिला म्हटलं, मला नीट सांग, तिथं ठेवलंय तरी काय तुम्ही.

"दोन नळ्या आहेत," ती म्हणाली. "मोठ्या फ्रीजरमध्ये, गोठवलेल्या. पहिलीतला जंतू ते शेवटचं औषध सुरू करायच्या आदल्या दिवशीचा. तो त्या औषधानं मरतो. दुसरीतला शेवटच्या आठवड्यातला. तो मरत नाही."

"म्हणजे दवाखान्यातनंच दुसरा आला?"

"नाही ना. तोच आहे. आम्ही तपासलं. मधल्या त्या चांगल्या दिवसांत तो बदलला."

"असा कसा बदलला? त्याला काय शिकवणी लावली होती कोणी?"

हसली. फार दिवसांनी हसली होती. "कोणी शिकवत नाही गं. अंगात कोट्यवधी असतात ते. एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतात. होताना कुठंतरी बारीक चूक राहते. बहुतेक चुका फुकट जातात. पण एखाद्याच्या अंगावरचं आवरणच जरासं वेगळं निघतं, आणि औषधाला त्याला धरताच येत नाही. बाकीचे मरतात. हा एकटा उरतो. मग सगळं रान त्याचंच."

मी म्हटलं, आमच्या लाइनवर चुकीचा पीस निघाला की लाल डब्यात जातो. ती म्हणाली, इथं चांगले सगळे लाल डब्यात गेले आणि चुकीचा तेवढा गाडीला लागला. माझी पोळी करपली त्या दिवशी.

तर ती जेवू घालत होती ती या दुसऱ्या नळीतल्याला. तिचा हिशोब असा, की औषध नसलेल्या साध्या पाण्यात त्याला वाढवत राहायचं. रोज एक थेंब उचलायचा, नव्या नळीत टाकायचा. समोर औषधच नाही म्हटल्यावर ते वेगळं आवरण सांभाळत बसायची गरज काय? कधीतरी टाकून देईल. पहिल्यासारखा होईल. मग त्याच्यावर ते औषध पुन्हा चालेल.

"आणि चाललं तर?" मी विचारलं. "हे उठून येणारेत का?"

"नाही," ती म्हणाली. "पण एकदा तरी मला ते चाललेलं बघायचंय."

मला तिला रागवायचं होतं. पण तिचं तोंड बघून राहू दिलं. कारण काय सांगू, मला कळलं होतं. मीसुद्धा यांचा शर्ट धुवायला टाकला नव्हता.

पाऊस गेला, थंडी आली. एका संध्याकाळी ती आली आणि हेल्मेटसकट कॉटवर बसून राहिली. मी हेल्मेट काढलं तर डोळे सुजलेले.

"नाही विसरला," म्हणाली. "एकाही नळीत नाही. उलट त्याला सवय झालीय त्या आवरणाची. औषध असो नसो, मजेत वाढतोय."

आत्याबाई म्हणाल्या, "सोड मंग ते. मेल्यानं माजं लेकरू खाल्लं, आता लेक खातोय व्हय?" आणि आत निघून गेल्या.

पण गोष्ट तेवढीच नव्हती. मॅडमनी पुढचं काम सांगितलं होतं. दुसरी नळी मागं जात नाही, तर आता पहिली नळी पुढं न्यायची. ज्याच्यावर औषध चालतं तो जंतू घ्यायचा, त्याला थोडं थोडं औषध द्यायचं, डोस वाढवत न्यायचा, आणि तो कुठल्या वळणावर, कसा बदलतो ते डोळ्यांदेखत बघायचं.

"मी नाही करणार," वर्षाली म्हणाली. "नोकरी सोडते."

ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी तिला म्हटलं, चल, काढ स्कूटी, मला बघायचंय हे काय आहे ते. मनात हेच, की त्या मॅडमला चार शब्द ऐकवायचे. माणूस गेलंय आमचं, आणि तुम्ही पोरीकडनं त्याच्याच जंतूवर प्रयोग करवून घेताय होय?

लॅबमध्ये भाजीचं पाणी उकळल्यासारखा वास होता. नीला मॅडम बारक्या चणीच्या, केस क्लिपमध्ये कोंबलेले. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "मी हिच्यावर जबरदस्ती करणार नाही. तिला जमणार नसेल तर दुसऱ्याला देईन. पण काम सोडता येणार नाही मला. दर महिन्याला असे पेशंट येतायत. औषध चालतं, घरचे पेढे वाटतात, आणि आठवड्यात उलटतं. पहिला बदल कधी होतो, कसा होतो ते समजलं, तर तो व्हायच्या आधीच जोडीला दुसरं काही देता येईल का, ते शोधता येईल. खात्री देत नाही मी. शोधता येईल, एवढंच."

मी आणलेले चार शब्द माझ्यापाशीच राहिले.

त्यांनी मला झाकण लावलेल्या दोन चपट्या काचेच्या ताटल्या दाखवल्या. दोन्हींवर जंतूंची पांढुरकी साय धरलेली आणि मधोमध औषधाची बारकी टिकली. एकीवर साय थेट टिकलीला भिडलेली. दुसरीवर टिकलीभोवती स्वच्छ गोल सुटलेला. तेवढ्या जागेत एकही जंतू नव्हता.

"ही पहिल्या नळीतली," मॅडम म्हणाल्या.

मी त्या गोलाकडं बघत राहिले. त्या दिवसांत यांच्या अंगात हेच चाललं होतं. असंच स्वच्छ होत चाललं होतं. म्हणून चहा मागितला. म्हणून टेकून बसले.

मॅडम बाहेर गेल्या तशी वर्षाली रडायला लागली. "बघितलंस ना? त्या नळीत औषध अजून चालतंय, वहिनी. त्या नळीत दादा अजून बरा होतोय. आणि मी त्याला पुढं नेऊ? माझ्या हातानं?"

मी तिला पोटाशी धरलं. मग जे तोंडातनं निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"वर्षाली, तुझा दादा बरा होत होता तेव्हा मी कुठं होते गं?"

"बाहेर."

"चपलांपाशी. एकदासुद्धा आत सोडलं नाही मला. तूच पुढं ने. दुसऱ्या कोणाला देऊ नको. आणि रोज मला सांग."

"शेवट तोच आहे, वहिनी."

"शेवट मी पाहिलाय गं बाई. मधलं पाहिलेलं नाही."

तिनं डोळे पुसले आणि मॅडमना बोलवायला गेली.

काम कसं चालायचं ते सांगते. एका पसरट प्लास्टिकच्या ताटलीत मुगाएवढ्या खळग्यांची रांग. पहिल्या खळग्यात औषध नाही, दुसऱ्यात कणभर, तिसऱ्यात त्याच्या दुप्पट, चौथ्यात त्याच्याही दुप्पट, असं शेवटपर्यंत. सगळ्यांत तोच जंतू सोडायचा. दुसऱ्या दिवशी ज्या खळग्यातलं पाणी गढूळ, तिथं तो जगला. जे पाणी स्वच्छ, तिथं मेला. मग शेवटच्या गढूळ खळग्यातला थेंब घ्यायचा आणि नवी रांग लावायची. रांगेत एके ठिकाणी वर्षालीनं लाल पेनानं रेघ मारली होती. पेशंटच्या रक्तात ते औषध जेवढं भरतं, तेवढा डोस त्या रेघेवर. गढूळपणा रेघेच्या अलीकडं आहे तोवर औषध जिंकतंय. पलीकडं गेला की संपलं.

माझी पहिली शिफ्ट सुटली की मी गेटबाहेर कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहायची, तेव्हा तिचा फोन यायचा.

"आज?"

"दुसऱ्या खळग्यापर्यंत. पुढं सगळं स्वच्छ."

"रेघ?"

"लांब आहे."

काय सांगू तुम्हाला, मला भूक लागायला लागली. बसमध्ये खिडकीशी बसून मी मनात म्हणायची, आज ताप उतरला असेल. आज नळी काढली असेल. मी आत जातेय, पास माझ्या हातात आहे, हे माझ्याकडं बघतायत. जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं मी बोलायची, घरभाड्यापासून ते लेकराच्या नावापर्यंत. वेडेपणा आहे, माहितीय मला. असू दे. मला माझा नवरा पाहिजे होता, आणि ज्या वाटेनं मिळत होता त्या वाटेनं मी घेत होते.

एकदा लाइनवरच्या मोनिकानं विचारलं, "एवढी खुशीत कोणाशी बोलतेस गं?"

"अगं, यांची तब्येत..." मी म्हणाले आणि जीभ चावली. मोनिका यांच्या मातीला आली होती. तिनं माझा डबा बसमध्ये आपल्या मांडीवर घेतला.

तिसऱ्या खळग्यावर तो बरेच दिवस अडून बसला. रोज तिसराच. मी वर्षालीला म्हटलं, "बघ, दमला मेला! याच्यापुढं जात नाही." तिनं नुसतं हं केलं. मग एका दिवशी चौथ्यावर गेला. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी एकदम दोन खळगे ओलांडले.

"झाला बदल," ती म्हणाली. "मॅडमनी आणि मी, दोघींनी वेगवेगळं बघितलं. आजचा नमुना गोठवून ठेवलाय. त्याच्या जनुकांची मांडणी वाचायला पाठवणार. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो दिवस हाच, वहिनी." आवाजात आनंदही होता, आणि तो लपवायची धडपडही होती. मला तिची कीव आली.

"रेघ?" मी विचारलं.

"रेघेला टेकलाय. अजून अलीकडं आहे."

"आणि उद्या?"

समोरनं आमची बस आली. बायका चढायला लागल्या, मोनिकानं मला हाक मारली.

"उद्या ओलांडेल," वर्षाली म्हणाली. "पण मी मॅडमना सांगू शकते. बदल मिळालाय, इथंच थांबू म्हणते. तू नको म्हणालीस तर मी उद्याची रांग लावत नाही."

पुढं ने म्हणून मीच सांगितलं होतं. आणि आता नको, एवढंच म्हणायचं होतं. नको म्हटलं असतं तर ते तिथंच राहिले असते, रेघेच्या अलीकडं, टेकून बसलेले. पण ज्या बायका आज कुठल्यातरी आयसीयूच्या बाहेर चपलांपाशी बसल्या असतील, त्यांची माणसंही अशीच टेकून बसली असतील, आणि त्यांना उद्याचं काहीच ठाऊक नसेल.

"लाव रांग," मी म्हणाले. "रेघेपलीकडं तो काय करतो तेही मॅडमना बघू दे. पण ती उद्या. आज आहेत ना अजून?"

"आहे, वहिनी."

"मग आज फोन ठेवू नको."

तिनं ठेवला नाही. बस भरली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मी हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं.